रसभंगातील रस : फसलेल्या हौशी प्रयोगाचे विनोदनाट्य

१. प्रश्नाची मांडणी

पदव्युत्तर वर्गात गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ शिकवीत असताना एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी पुढे येतो. तो विचारणारा विद्यार्थी बहुधा गंगापूर, वैजापूर, पैठण अशा एखाद्या तालुक्यातून आलेला असतो आणि त्याने स्वतः कधीतरी गावच्या गणपतीपुढे तोंडाला रंग लावलेला असतो. प्रश्न असा : या नाटकात हसे नेमके कोणाचे होते? गावातल्या माणसांना नाटक करता येत नाही, शुद्ध बोलता येत नाही, एवढेच दाखवून हे नाटक हसवीत असेल तर आम्ही त्याला का हसावे?

प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. ‘ते निव्वळ प्रहसन आहे, मनावर घेऊ नये’ हे उत्तर नाटकालाही न्याय देत नाही आणि विद्यार्थ्यालाही नाही. मराठी नाट्यसमीक्षेने विनोदी नाटकाकडे एकंदरीत कनिष्ठ प्रकार म्हणून पाहिले. त्यातही ज्याचा विषयच ‘नाटक फसणे’ हा आहे, त्या प्रकाराची स्वतंत्र चिकित्सा फारशी झाली नाही. प्रस्तुत निबंधात ती करण्याचा अल्प प्रयत्न आहे. हौशी मंडळी एखादे नाटक करू पाहतात, ते प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत विस्कटत जाते आणि त्या विस्कटण्यातूनच दुसरे, अधिक रंगतदार नाटक उभे राहते, अशी ज्याची घडण असते त्या नाट्यप्रकाराला येथे सोयीसाठी ‘फसलेल्या प्रयोगाचे विनोदनाट्य’ असे म्हटले आहे. प्रत्यक्षात फसलेला प्रयोग वेगळा आणि फसलेल्या प्रयोगाविषयीचे नाटक वेगळे, हे उघडच आहे. पहिल्यात फजिती घडते, दुसऱ्यात ती घडविली जाते. परंतु दुसऱ्याचे मर्म पहिल्याच्या निरीक्षणावाचून कळत नाही. म्हणून या निबंधात शास्त्र, एक प्रत्यक्ष पाहिलेला प्रयोग आणि संहिता या क्रमाने विचार केला आहे.

२. भरताचा घातविचार

प्रयोग फसतो कसा, या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीला वाहिलेला आहे. प्रेक्षकांच्या प्रतिसादावरून ओळखायच्या मानुषी आणि दैवी अशा दोन सिद्धी सांगून झाल्यावर भरत ‘घात’, म्हणजे प्रयोगाला बाधा आणणारी विघ्ने, यांकडे वळतो. घात तीन ठिकाणांहून येतात. काही दैवी : सोसाट्याचा वारा, पाऊस, आग, हत्तीचे किंवा सापाचे भय. काही परसमुत्थ, म्हणजे द्वेषाने किंवा मत्सराने इतरांनी आणलेले : आरडाओरडा करणे, शेण, ढेकळे फेकणे, इतकेच नव्हे तर रंगस्थळी मुंग्या सोडणे. काही आत्मसमुत्थ, म्हणजे नटांनी स्वतःच ओढवून घेतलेले : भाषणाचा विसर पडणे, दुसऱ्याचेच भाषण म्हणून टाकणे, भूमिकेला न शोभणाऱ्या नटाची निवड, मुकुट किंवा अलंकार गळून पडणे, नको तेथे हसणे अथवा रडणे.

ही यादी वाचून वर्गात हशा पिकतो आणि तो पिकावा. दोन हजार वर्षांच्या आसपासचे जुने शास्त्र आणि गेल्या वर्षीचे स्नेहसंमेलन यांत इतके साम्य असेल, अशी कोणाची कल्पना नसते. पण या अध्यायातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, सर्वथा निर्दोष किंवा सर्वथा गुणहीन प्रयोग संभवत नाही, हे भरताला मान्य आहे. त्यामुळे घात झाला म्हणजे प्रयोग बुडाला, असे तो म्हणत नाही. घात सगळा प्रयोग व्यापतो की त्याचा एखादा भागच, हे तारतम्याने पाहावे, असा त्याचा कल आहे. दुसरी गोष्ट प्राश्निकांची, म्हणजे प्रयोगाच्या परीक्षकांची. भरताच्या प्राश्निकांत वैयाकरण आहे, यज्ञ जाणणारा आहे, चित्रकार आहे, धनुर्धर आहे, राजा आहे, गणिका आहे आणि राजसेवकही आहे. जो ज्या जीवनव्यवहारातला जाणता, त्याने त्या अंगाची परीक्षा करावी, हे यामागचे तत्त्व. अर्थात प्रयोगाचे मोल ठरविण्याचा अधिकार केवळ नाट्यपंडिताचा नाही. ज्या जगण्याचे अनुकरण चालले आहे, ते जगणे ज्याला ठाऊक आहे त्याचाही आहे. हे तत्त्व पुढे उपयोगी पडणार आहे.

३. अनौचित्य : एकच कारण, दोन परिणाम

घात झाला की रसभंग होतो. मग हास्य कोठून येते? येथे संस्कृत साहित्यशास्त्रातील दोन विधाने शेजारी ठेवून पाहावीत. अनौचित्यावाचून रसभंगाला दुसरे कारण नाही, असे आनंदवर्धनाचे प्रसिद्ध मत आहे. उलट, अनौचित्य हेच हास्याचा विभाव होते आणि म्हणून कोणत्याही रसाचा आभास हास्यात परिणत होऊ शकतो, असे अभिनवगुप्त सांगतो. रावणाची सीतेविषयीची अभिलाषा हे त्याचे उदाहरण. ती प्रथम रतीसारखी भासते. तिचे अनौचित्य ध्यानात आले की ती शृंगार राहत नाही, शृंगाराभास ठरते आणि हास्याकडे झुकते.

याचा अर्थ असा की, एका रसाला मारणारे कारण तेच दुसऱ्या रसाला जन्म देणारे कारण असते. दुःशासनाची मिशी गळून पडते तेव्हा रौद्र मरतो, पण मरता मरता हास्याला जागा करून देतो. मात्र यासाठी एक अट आहे. रौद्र मुळात अभिप्रेत होता, हे प्रेक्षकाला ठाऊक असले पाहिजे. काय व्हायला हवे होते आणि काय झाले, या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी मनात हजर असल्या तरच हास्य निर्माण होते. फसलेल्या प्रयोगाची विनोदनाट्ये पुराणकथेच्या आश्रयाला वारंवार का जातात, याचे उत्तर येथे मिळते. द्रौपदीचे काय होणार, कृष्ण केव्हा येणार, हे सर्वांना पाठ असते. कथा जितकी परिचित, तितकी तिच्यातली चूक ठळक दिसते. अपरिचित कथानकातील चूक ही चूक आहे हे कळायलाच वेळ लागतो आणि तोवर हसण्याची वेळ टळून जाते.

दुसरी अट नटाच्या बाजूची आहे. तो मनापासून प्रयत्न करीत असला पाहिजे. ज्याला नाटक नीट व्हावे असे वाटत नाही, त्याची चूक पाहून कंटाळा येतो, हसू येत नाही. मुकुट पडल्यावर जो नट स्वतःच खिदळू लागतो तो प्रेक्षकांचे हसू आपल्या हाताने थांबवितो. जो घाईने मुकुट उलटा घालून भाषण तसेच पुढे रेटतो तो ते वाढवितो. या प्रकाराचा प्राण फजितीत नसून फजितीनंतरच्या चिकाटीत आहे, हे प्रस्तुत लेखकाचे मुख्य प्रतिपादन आहे. ते एका प्रत्यक्ष प्रयोगाच्या आधारे तपासून पाहू.

४. बजाजनगरातील एक रात्र

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, पश्चिमेला वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या भोवतीने लहानमोठे उद्योग वाढत गेले. या वसाहतीतील राहत्या घरांचा भाग म्हणजे बजाजनगर. मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून, खानदेशातून आणि विदर्भातून माणसे कामासाठी येथे आली. प्रत्येकाची बोली वेगळी, गावचा सण वेगळा, नाटकाची आठवणही वेगळी. कोणाच्या गावी भारूड होते, कोणाच्या गावी तमाशा येई, कोणी झाडीपट्टीतल्या रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर वाढलेला. अशा वसाहतीत गणेशोत्सवाचे नाटक हे निव्वळ करमणुकीचे साधन नसते. अनोळखी माणसांनी एकमेकांचे शेजारी होण्याची ती एक रीत असते. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमुळे कामगारांच्या या हौसेला एक मान्यताप्राप्त व्यासपीठही राज्यभर मिळाले होते. पण गणपतीपुढचे नाटक स्पर्धेच्या नाटकाहून निराळे. त्याला परीक्षक नसतात, वेळेचे बंधन नसते आणि तालमींना सगळे नट कधीच एकत्र नसतात, कारण सगळ्यांची पाळी एक नसते.

१९९० च्या दशकात प्रस्तुत लेखकाने तेथे पाहिलेला एक प्रयोग हरिश्चंद्राच्या आख्यानावर होता. पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच केलेला. विश्वामित्राचे काम करणाऱ्या कामगाराला ऐनवेळी दुसऱ्या पाळीला जावे लागले. नाटक पुढे ढकलणे शक्य नव्हते. मंडपाचे भाडे दिलेले होते आणि पटांगण भरून गेले होते. अखेर प्रॉम्प्टरलाच दाढी लावून उभे करण्यात आले. त्याला भूमिका पाठ नव्हती. पुस्तक मात्र हातात होते. त्याने ते समोर धरून पहाडी आवाजात वाचायला सुरुवात केली. थोड्याच वेळात ‘क्रोधाने कमंडलू उचलतो’ ही कंसातली रंगसूचनाही त्याने तितक्याच क्रोधाने वाचली आणि मग खरोखरच कमंडलू उचलला. त्यानंतर पटांगणात जे हसू उसळले ते बराच वेळ ओसरले नाही. प्रॉम्प्टरच रंगमंचावर गेल्यामुळे विंगेत सांगणारे कोणी उरले नव्हते. परिणामी हरिश्चंद्र अडला की विश्वामित्र त्याचेही वाक्य पुस्तकातून वाचून दाखवी, हरिश्चंद्र ते विनयाने पुन्हा म्हणे आणि विश्वामित्र त्यावर संतापे. राजाला शब्दही ऋषीच पुरवीत होता आणि त्या शब्दांबद्दल शापही तोच देत होता.

दुसरी पाळी सुटल्यावर मूळ नट धावत आला. कपडे बदलायला अवधी नव्हता. सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरची दाढी उतरवून आपल्याला बांधून घेत, अंगावर कारखान्याचा गणवेश तसाच ठेवून तो दक्षिणा मागायच्या प्रवेशात शिरला. पुन्हा हशा. पण त्याला भाषण चोख पाठ होते. ग्रीसचे डाग असलेल्या गणवेशातला विश्वामित्र राजाकडे दिलेल्या शब्दाची मागणी करू लागला आणि दोन-तीन वाक्यांत पटांगण शांत झाले. तारामतीला विकायला काढण्याच्या प्रसंगी पुढच्या रांगांतल्या बायका डोळे पुसत होत्या. नाटक संपल्यावर टाळ्या सर्वांत जास्त पडल्या त्या या नटाला, आणि त्याच्या खालोखाल पुस्तक वाचणाऱ्या प्रॉम्प्टरला.

भरताच्या वर्गीकरणात हा घात कोठे बसतो? तो दैवी नव्हे, शत्रूने आणलेला नव्हे आणि नटाच्या अज्ञानातूनही आलेला नव्हे. तो पाळीतून आला. पोटासाठी करायचे काम आणि हौसेसाठी करायचे काम एकाच रात्री समोरासमोर आल्यावर जे होते, ते झाले. हौशी रंगभूमीचा हा खास घात आहे. राजाश्रयावर जगणाऱ्या नटवर्गाचा विचार करणाऱ्या शास्त्रात तो येण्याचे कारणच नव्हते. आणि त्या रात्रीचे प्राश्निक कोण होते? दुसऱ्या पाळीचा अर्थ जाणणारी माणसे. गणवेशातला विश्वामित्र पाहून ती प्रथम हसली, कारण ते दृश्य अनुचित होते. मग गप्प झाली, कारण आठ तास उभे राहून आलेला माणूस एकही शब्द न चुकता बोलतो आहे, याची किंमत त्यांना कळत होती. बाहेरून आलेल्या एखाद्या रसिकाला तेथे केवळ पहिली गोष्ट दिसली असती.

५. ‘वस्त्रहरण’ : काय कोसळते?

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. ‘वस्त्रहरण’ १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. कोकणातल्या एका गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे पौराणिक नाटक करायला घेतात आणि त्या प्रयोगाचा बोजवारा उडतो, हे त्याचे कथासूत्र. गावाचा आणि नाटकाचाही कर्ताधर्ता असलेल्या तात्या सरपंचाची भूमिका मच्छिंद्र कांबळी यांनी केली आणि ती त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. पु. ल. देशपांडे यांनी मनःपूर्वक केलेल्या प्रशंसेनंतर या नाटकाकडे सर्व थरांतील प्रेक्षक वळले. पुढे त्याच्या प्रयोगांची संख्या ५००० च्या वर गेली. मालवणी बोलीला मुख्य प्रवाहातील रंगभूमीवर प्रतिष्ठा मिळवून देणारे नाटक म्हणून त्याचा उल्लेख होतो. या घडणीची हकिकत गवाणकरांनी ‘व्हाया वस्त्रहरण’मध्ये सांगितली आहे.

या नाटकात नेमके काय कोसळते, हे पाहिले पाहिजे. मुकुट, मिशा, पडदे यांची पडझड तर असतेच. पण खरी पडझड भाषेची आहे. पौराणिक पात्राच्या तोंडची संस्कृतप्रचुर, पुस्तकी मराठी नटाला पेलत नाही आणि ती सुटली की त्या जागी मालवणी उभी राहते. एरवी यावरून ‘गावकऱ्यांना प्रमाण भाषा येत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढील. पण दक्षिण कोकणची नाट्यपरंपरा लक्षात घेतली तर तो टिकत नाही. याच भूमीत दशावतार आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तेथला राजा रात्रभर भारदस्त मराठीत बोलू शकतो आणि अडत नाही, कारण ती भाषा त्या क्षणी त्याची स्वतःची असते. जेथे पाठांतरच नाही तेथे विसरण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून विंगेतल्या प्रॉम्प्टरची गरज दशावताराला कधी पडली नाही. छापील नाटक आले, त्याबरोबर दुसऱ्याने लिहिलेले शब्द जसेच्या तसे म्हणण्याची सक्ती आली. सक्ती आली म्हणून चूक आली. आणि चूक सावरायला प्रॉम्प्टर आला. तेव्हा ‘वस्त्रहरण’मध्ये उघडे पडते ते गावाचे अज्ञान नसून उसन्या भाषेचे ओझे आहे. त्या ओझ्याखाली अडखळलेला माणूस आपल्या बोलीत आला की एकदम मोकळा होतो, आणि प्रेक्षकाला सर्वाधिक आनंद होतो तो या मोकळेपणाचा.

दुसरी गोष्ट गावाच्या उतरंडीची. हौशी नाटकात भूमिका केवळ गुणांवर वाटल्या जात नाहीत. वर्गणी कोणी किती दिली, कोणाशी वैर पत्करता येत नाही, कोण कोणाच्या हाताखाली आहे, यावर त्या ठरतात. म्हणून प्रयोग विस्कटू लागला की पुराणातली पात्रे मागे पडतात आणि गावातली नाती पुढे येतात. राजाच्या वेशातला माणूस सरपंचापुढे नमतो. सरपंचाची सत्ता हस्तिनापुरातही चालते. भरतसभेतल्या द्यूतापेक्षा गावातले राजकारण प्रेक्षकाला अधिक ओळखीचे असते. पोशाखाखालचा माणूस असा दिसणे, हेच या नाटकाचे खरे ‘वस्त्रहरण’ म्हणावे लागेल.

तिसरी गोष्ट प्रेक्षकाची. मुंबईत हे नाटक पाहायला आलेल्यांत कोकणातून पोटासाठी आलेला चाकरमानी मोठ्या संख्येने होता. गणपतीला किंवा शिमग्याला गावी जाऊन यानेच असली नाटके केली होती. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत. त्या संज्ञांचा शास्त्रीय अर्थ काहीसा वेगळा असला तरी येथे त्या थोड्या विस्ताराने वापरायला हरकत नाही. चाकरमान्याचे हसणे आत्मस्थ होते. तो आपल्याच गावाला, आपल्याच फजितीला हसत होता. नंतर आलेल्या शहरी मध्यमवर्गीय प्रेक्षकाचे हसणे परस्थ होण्याचा धोका होता. नाटकाचे सामर्थ्य असे की, मालवणी न जाणणाऱ्या त्या प्रेक्षकालाही त्याने काही काळ गावकरी करून सोडले.

६. कारागीर आणि दरबार

या प्रकाराचा पाश्चात्त्य परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील पिरॅमस आणि थिस्बी यांचे नाटक. ते करणारे सारे हातावर पोट असलेले कारागीर आहेत : सुतार, विणकर, कल्हईवाला, शिंपी, भात्याची दुरुस्ती करणारा. त्यांची भीती विलक्षण प्रामाणिक आहे. आपला सिंह खरा वाटून स्त्रिया घाबरतील, म्हणून सिंह आधीच आपण सुतारकाम करणारे अमुक आहोत असे सांगून टाकतो. बजाजनगरच्या प्रॉम्प्टरने रंगसूचना वाचली त्याच निष्ठेतून हे घडते : काही सुटू नये, कोणाचा गैरसमज होऊ नये.

शेक्सपिअरने येथे एक महत्त्वाची गोष्ट केली आहे. हसणारा प्रेक्षकही त्याने रंगमंचावर बसविला. दरबारी मंडळी कारागिरांवर शेरे मारतात आणि आपण त्या शेऱ्यांना हसतो. पण हळूहळू त्या मंडळींकडेही पाहू लागतो. साध्या मनाने आणि कर्तव्यबुद्धीने दिलेली भेट चुकीची असू शकत नाही, असे थिसिअस नाटकाआधी म्हणतो. प्रयोग चालू असताना मात्र त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जिभेवर ताबा ठेवता येत नाही. ‘लव्ज लेबर्स लॉस्ट’मध्ये तर थट्टेने हैराण झालेला हौशी नट, जो पेशाने शिक्षक आहे, सरदारांना तोंडावर सुनावतो की, हे वागणे उदार नाही आणि सभ्यही नाही. नट चुकला तर तो नाटकाचा दोष. प्रेक्षक चुकला तर तो माणुसकीचा दोष, असा हा भेद आहे.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या प्रकाराला पुन्हा बहर आला. मायकेल ग्रीन यांचे हौशी अभिनयाच्या फजितीवरील ‘द आर्ट ऑफ कोर्स ॲक्टिंग’ हे पुस्तक १९६४ साली निघाले. मायकेल फ्रेन यांचे ‘नॉइजेस ऑफ’ १९८२ साली रंगभूमीवर आले; त्यात एकाच अंकाची तालीम, रंगमंचामागचा गोंधळ आणि अखेरचा बोजवारा असे तीन दर्शनांत चित्रण आहे, मात्र त्यातील मंडळी व्यावसायिक आहे. २०१२ साली आलेल्या ‘द प्ले दॅट गोज राँग’मध्ये एका कल्पित हौशी संस्थेच्या रहस्यनाट्याचे नेपथ्यच टप्प्याटप्प्याने कोसळते. या दोन्ही नाटकांची रचना घड्याळासारखी नेमकी आहे. परंतु तेथे कोसळते ती प्रामुख्याने वस्तू : दार, भिंत, मजला. मराठी हौशी रंगमंचावर कोसळायला तेवढे नेपथ्य बहुधा नसतेच. रंगविलेला एक पडदा आणि दोन खुर्च्या असतात. तेथे भाषा आणि नाती कोसळतात. हा फरक साधनांच्या तुटवड्यातून आला असला तरी त्याने आपल्याकडच्या विनोदाला सामाजिक आशय मिळवून दिला आहे.

७. हास्याची दुसरी बाजू : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

फसलेल्या प्रयोगाचे हास्य नेहमीच निरागस राहते, असे मात्र नाही. विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या प्रकाराच्या सीमेवर उभे आहे. अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. मुंबईची एक हौशी मंडळी अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी एका गावात येते. एक नट येणार नसतो. त्याच्या जागी गावातल्याच सामंताला उभे करायचे ठरते आणि त्याला कोर्टाची पद्धत समजावी म्हणून गंमत म्हणून एक खटला खेळायला घेतात. बदली नट हा हौशी रंगभूमीवरचा सर्वांत नेहमीचा घात. बजाजनगरात त्यातून प्रॉम्प्टरचा विश्वामित्र झाला. तेंडुलकरांच्या नाटकात त्यातून बेणारेची शिकार सुरू होते.

येथेही पोशाखाखालची माणसे दिसू लागतात. फरक एवढाच की ती दिसल्यावर हसू गोठते. नाटक विस्कटते तेव्हा मंडळीतली खरी नाती, खरे हेवेदावे वर येतात, हे सूत्र ‘वस्त्रहरण’चेच आहे. पण गवाणकरांच्या गावात सर्वजण मिळून फजित होतात, तर तेंडुलकरांच्या कोर्टात सर्वजण मिळून एकीला फजित करतात. हास्य वाटून घेतले तर ते माणसे जोडते. एकावर रोखले तर तेच हत्यार होते. या दोन नाटकांचे एकत्र अध्यापन केले तर हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर चांगला ठसतो, असा अनुभव आहे.

८. समारोप

विवेचनातून हाती आलेली सूत्रे अशी मांडता येतील. फसलेल्या प्रयोगाच्या विनोदनाट्याला परिचित कथा लागते, कारण तिच्यावाचून चूक ओळखू येत नाही. त्याला निष्ठावान नट लागतो, कारण चिकाटीवाचून चुकीला रंग चढत नाही. आणि त्याला जाणता प्रेक्षक लागतो, कारण चुकीमागचे जगणे ठाऊक असल्यावाचून हास्य टवाळीच्या पलीकडे जात नाही. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नाटककार पुरवू शकतो. तिसरी वर्गात घडवावी लागते. त्यासाठी एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. संहितेचे वाचन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या किंवा वसाहतीच्या एखाद्या फसलेल्या प्रयोगाची हकिकत लिहून आणावी. तिच्यातील घात भरताच्या तीन प्रकारांत बसवून पाहावेत. आणि जो कोठेच बसत नाही त्याचे कारण शोधावे. पाळी, पेरणी, वर्गणी, आजारपण, बदली अशी कारणे निघतील. ती सारी नाटकाबाहेरची आहेत आणि हौशी नाटक त्यांच्याच मधून वाट काढीत उभे राहते.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल : ‘वस्त्रहरण’मध्ये गावाला नाटक करता येत नाही म्हणून आपण हसत नाही. एवढे सगळे विरुद्ध जात असतानाही गाव नाटक थांबवीत नाही, म्हणून हसतो. या उत्तरानंतर एका वर्षी त्या विद्यार्थ्याने एवढेच सांगितले की, त्याच्या गावी त्याने केलेला अर्जुन दुसऱ्या अंकात बाण विसरून आला होता आणि त्याने युद्ध तोंडानेच केले. वर्ग हसला, तोही हसला. त्या दिवशी पुढचे वाचन त्यानेच केले.